दहा मिनिटांचा धडा

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात पदव्युत्तर पदवीसाठी प्रयोग करणारा विद्यार्थी काळ्या जमिनीत वाफे आखतो, कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यावयाचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवितो, हंगामभर त्या वाफ्यांची राखण करतो आणि काढणीनंतर प्रत्येक वाफ्याचे उत्पन्न वेगळे तोलून वहीत मांडतो. पण एवढ्याने त्याचे काम संपत नाही, कारण एखाद्या वाफ्यात सोयाबीन अधिक आले ते खताच्या गुणाने आले की जमिनीतील ओलाव्याच्या फरकाने आले, याचा निवाडा शेवटी सांख्यिकीच्या कोष्टकात व्हावयाचा असतो. हा निवाडा करून देणारे 'आर' नावाचे एकाक्षरी सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन अध्यापकांनी रचले, १९९५ साली ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले केले, आणि जगातील मोठमोठ्या विद्यापीठांत आज जे वापरले जाते तेच, एक छदामही न देता, जिंतूर किंवा पालमच्या विद्यार्थ्याला आपल्या संगणकावर उतरवून घेता येते. उतरवून घेता येते हे खरे. परंतु ते उघडल्यावर समोर दिसते ती जवळजवळ कोरी चौकट आणि तीत लुकलुकणारी एक उभी रेघ. पुढे काय लिहावे, कोणत्या क्रमाने लिहावे आणि चूक झाली तर ती कशी ओळखावी, हे सांगणारे जवळ कोणी नसते.

हे अंतर भरून काढण्यासाठी जगभर काही माणसे निष्ठेने धडे लिहितात आणि व्हिडिओ करतात. त्यांच्या कामाची रीत काय, त्यात कष्ट कोठे पडतात आणि परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशाला त्याचे महत्त्व किती, हे सविस्तर सांगावयाचे येथे योजिले आहे.

प्रथम मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली अशी घोषणा केली की, आपण एक संपूर्ण संगणकप्रणाली निर्माण करू आणि ती कोणत्याही हेतूने चालविण्याचा, तिची आतली रचना वाचण्याचा, तीत फेरफार करण्याचा आणि मूळ वा सुधारलेली प्रत दुसऱ्यास देण्याचा हक्क प्रत्येकाला बहाल करू. १९८९ साली या हक्कांची कायदेशीर सनद म्हणावी असा एक परवाना प्रसिद्ध झाला, आणि १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स'चा गाभा लिहून त्या संकल्पाला पूर्णता आणली. परभणीच्या शेतकऱ्याला यातील मर्म समजावून सांगणे अवघड नाही. डॉ. जांभळे आणि डॉ. नेरकर यांनी याच विद्यापीठात सिद्ध केलेला, पिवळ्या शिरांच्या विषाणूरोगाला दाद न देणारा म्हणून नावाजलेला 'परभणी क्रांती' हा भेंडीचा वाण, किंवा रब्बी ज्वारीचा 'परभणी मोती', यांचे बी शेतकरी आपल्या शेतात राखून पुढल्या वर्षी पेरू शकतो, शेजाऱ्याला पायलीभर देऊ शकतो आणि त्यातून निवडानिवड करीत आपल्या जमिनीला मानवेल असे बी जोपासू शकतो. संकरित बियाण्याचे तसे नाही, त्यासाठी दर हंगामाला दुकानाची पायरी चढावीच लागते. मुक्त सॉफ्टवेअर हे राखून पेरता येणारे बी आहे.

मात्र वाण हाती आला म्हणजे त्याची लागवडही आपोआप समजते असे नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे दीर्घकाळ ध्यानात घेतले गेले नाही. आज्ञावली लिहिणाऱ्याचा मान मोठा, तीतील दोष शोधणाऱ्याचा त्याच्या खालोखाल, आणि ती कशी वापरावी हे साध्या माणसाला समजावून सांगणाऱ्याचे काम उरल्यासुरल्या वेळात कोणीतरी करावयाचे, असा एक अलिखित शिरस्ता पडून गेला होता. मला हा शिरस्ता सर्वस्वी चुकीचा वाटतो. आतली रचना वाचण्याचा हक्क सनदेत कितीही ठळक अक्षरांत लिहिलेला असो, ज्याला आज्ञावली चालविताच येत नाही त्याच्या लेखी तो हक्क कागदावरच राहतो. आणि तो कागदावरून माणसाच्या हाती आणून देणारा धडा हा त्या आज्ञावलीइतकाच मूळ कामाचा भाग आहे.

ही गोष्ट ज्यांनी आपल्या देशात मनावर घेतली त्यांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजे पवईच्या आयआयटीतील, रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. केंद्र शासनाने २००९ साली माहिती व संवाद तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे जे राष्ट्रीय अभियान सुरू केले, त्याच्या साहाय्याने त्यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प उभा केला. कल्पना ऐकावयास अगदी साधी आहे: एखादा जाणकार संगणकावर काम करीत असताना पडद्यावर जे जे घडते ते टिपून घ्यावयाचे आणि प्रत्येक पायरीचे बोलून स्पष्टीकरण करावयाचे; एक धडा सुमारे दहा मिनिटांचा. एवढ्याशा वेळात काय होणार, अशी शंका कोणालाही येईल. परंतु प्रकल्पाच्या हिशेबाप्रमाणे दहा मिनिटांत पडद्यावरची सुमारे शंभर स्थित्यंतरे आणि हजारभर शब्द मावतात, आणि तेवढाच मजकूर सचित्र पुस्तकात छापू गेल्यास कितीतरी पाने खर्ची पडतील. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन, सायलॅब, लेटेक, 'आर' आणि नकाशाशास्त्रासाठीचे क्यूजीआयएस अशा अनेक मुक्त सॉफ्टवेअरांवर या पद्धतीने मालिका झाल्या. मूळ धडे इंग्रजीत आणि त्यांचे ध्वनिमुद्रण मराठीसह भारतातील अनेक भाषांत, अशी योजना आहे; आणि श्रेय देऊन व त्याच अटींवर कोणीही ते पुन्हा वाटावेत, बदलावेत, अशी परवानगी धड्यांसोबतच दिलेली आहे.

या धड्यांचा गुण असा की ते वर्गावाचून आणि शिक्षकावाचून शिकता यावेत म्हणूनच रचलेले असतात. शिकणाऱ्याने पडद्याच्या एका बाजूस धडा ठेवावा, दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष सॉफ्टवेअर उघडावे, एक वाक्य ऐकावे, धडा थांबवावा, तीच कृती आपण करून पाहावी आणि मग पुढे जावे. हे शक्य व्हावे म्हणून धडा करणाऱ्याला पुष्कळ बंधने पाळावी लागतात. चित्रणाची चौकट आणि अक्षरे अशी बेताने ठरवावी लागतात की अर्ध्या पडद्यातही ती वाचता यावीत. एकही कृती न सांगता करावयाची नाही, आणि न करता सांगावयाची नाही. सरावलेल्या माणसाला हा नियम फार जड जातो, कारण त्याची बोटे त्याच्या वाणीच्या पुढे धावत असतात. दोन कळा एकदम दाबून तो प्रत उतरवून घेतो, तिसरीकडे चिकटवितो, आणि आपण काही केले याची त्याला स्वतःलाही जाणीव नसते. पाहणाऱ्या नवशिक्याच्या दृष्टीने मात्र पडद्यावर एक मजकूर कोठूनसा येऊन बसलेला असतो.

म्हणून धड्याचा खरा पाया संहिता. कोणतेही चित्रण करण्यापूर्वी कागदावर दोन रकाने आखावयाचे. डाव्या रकान्यात पडद्यावर काय दिसेल, उजव्यात त्या क्षणी काय बोलले जाईल. वाक्ये आखूड, एका वाक्यात एकच कृती. हा मसुदा विषयाच्या जाणकाराने तपासावयाचा असतो हे तर उघडच आहे, परंतु मला या सबंध पद्धतीतील सर्वांत मोलाची जी गोष्ट वाटते ती अशी की, विषयाची काहीही माहिती नसलेल्या माणसाकडूनही तो तपासून घेतला जातो. अशा नवशिक्याने संहिता हाती घ्यावयाची आणि तीत लिहिले आहे तेवढेच, शब्दशः, करीत जावयाचे. जेथे तो अडेल तेथे संहिता सदोष आहे असे समजावयाचे. दोष त्याचा नव्हे, लिहिणाऱ्याचा. आपल्याकडे न समजण्याचा ठपका शिकणाऱ्याच्या माथी मारण्याची जी जुनी सवय आहे, तिच्या मुळावरच या एका नियमाने घाव घातला आहे.

याचा प्रत्यय यावा म्हणून 'आर'मधील एक धडा कल्पनेने रचून पाहू. समजा आठ ट्रीटमेंट, म्हणजे खताचे आठ प्रकार, आणि तीन रिप्लिकेशन, म्हणजे प्रत्येक प्रकाराची तीनदा पुनरावृत्ती, असा शेतावरचा प्रयोग आहे, म्हणजे चोवीस वाफे आणि चोवीस उत्पन्ने. विद्यार्थ्याने लिबरऑफिसच्या कॅल्कमध्ये तीन स्तंभ भरले: रिप्लिकेशन, ट्रीटमेंट आणि उत्पन्न, आणि ती फाइल सीएसव्ही स्वरूपात डेस्कटॉपवर जतन केली. जाणकाराने लिहिलेली पहिली संहिता येथून एका ओळीत सांगेल की, आता ही फाइल 'आर'मध्ये वाचून घ्या. नवशिका ती ओळ टंकित करतो आणि उत्तर येते की अशी फाइल अस्तित्वातच नाही. कारण 'आर' ज्या फोल्डरमध्ये पाहत आहे तो डेस्कटॉप नव्हे. जाणकाराच्या संगणकावर तो फोल्डर कधीकाळी ठरवून ठेवलेला असतो, त्यामुळे ही पायरी त्याच्या स्मरणातूनच गळालेली असते. येथे संहितेत चार वाक्यांची भर पडते.

पुढचा अडथळा याहून घातक आहे, कारण तो दिसत नाही. विद्यार्थ्याने ट्रीटमेंटना १ ते ८ असे आकडे दिलेले आहेत. माणसाच्या दृष्टीने ती केवळ नावे. परंतु 'आर' त्यांना खऱ्याखुऱ्या संख्या समजते, म्हणजे आठवी ट्रीटमेंट पहिलीच्या आठपट आहे असे गृहीत धरून गणित करू लागते. पृथक्करणाचे कोष्टक निमूटपणे पडद्यावर येते, त्यात कोणतीही चूक दाखविलेली नसते, आणि ज्याला वाचता येते त्यालाच कळते की 'डीएफ'च्या, म्हणजे स्वातंत्र्यमात्रांच्या, स्तंभात ट्रीटमेंटसमोर ७ असावयास हवे तेथे १ आहे. त्या एका आकड्याबरोबर पुढचे एफचे गुणोत्तर बिघडते, निष्कर्ष बिघडतो, आणि एका हंगामाचे श्रम फुकट जाण्याची वेळ येते. उपाय एका ओळीचा आहे: रिप्लिकेशन आणि ट्रीटमेंट हे दोन्ही स्तंभ 'फॅक्टर' आहेत असे 'आर'ला आधीच सांगून ठेवावयाचे. मग कोष्टकात रिप्लिकेशनसमोर २, ट्रीटमेंटसमोर ७ आणि शेषासमोर १४ असे आकडे येतात. त्यांची बेरीज २३, म्हणजे वाफ्यांच्या संख्येहून एकाने कमी. चांगला धडा हे बरोबर उत्तर दाखवून थांबणार नाही. तो आधी मुद्दाम चुकीचे कोष्टक काढून दाखवील, १ या आकड्यावर क्षणभर थांबेल, आणि मग दुरुस्ती करील. चूक कशी दिसते हे ज्याने पाहिले आहे, त्यालाच ती स्वतःच्या कामात ओळखता येते.

आता मराठी ध्वनिमुद्रणाविषयी. पडद्यावरचे मेनू, कळा आणि आज्ञा इंग्रजीत जशाच्या तशा ठेवाव्यात आणि केवळ आवाज मराठीत द्यावा, असे धोरण प्रकल्पाने स्वीकारले. काही भाषाभिमानी मंडळींना ते खटकेल. मला मात्र ते व्यवहार्य वाटते, कारण उद्या हाच विद्यार्थी पुण्याच्या वा हैदराबादच्या कचेरीत कामावर रुजू झाला म्हणजे त्याच्यासमोर तोच इंग्रजी पडदा येणार असतो. चित्रण एकच असल्यामुळे मराठी वाक्य नेमके त्याच सेकंदात बसवावे लागते आणि त्यासाठी संहितेत प्रत्येक वाक्यासमोर वेळेची नोंद ठेवलेली असते. इंग्रजीत क्रियापद आधी येते, मराठीत शेवटी. त्यामुळे अनुवाद हयगयीने केला तर पडद्यावर बाण केव्हाच हलून गेलेला असतो आणि 'क्लिक करा' हे शब्द मागाहून ऐकू येतात. उलट जाणत्या अनुवादकाच्या हाती हीच रचना उपकारक ठरते. 'फाइल मेनूवर' एवढे ऐकताच शिकणाऱ्याची दृष्टी योग्य ठिकाणी जाऊन पोहोचते आणि मग कृती ऐकू येते, हा क्रम शिकण्याच्या दृष्टीने अधिक स्वाभाविक आहे. आणि आवाज कोणाचा असावा? गंगाखेडच्या किंवा सेलूच्या मुलीने आपल्या बोलीच्या लकबीसह धडा वाचला तर त्यात काही उणे आहे असे मी मानीत नाही. उच्चार स्पष्ट हवेत, गती संथ हवी. पुणेरी स्वर हवा असा कोणताही कायदा नाही.

ज्ञान कोणत्या भाषेतून यावे, हा प्रश्न मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या अंमलात, १९१८ साली, हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले आणि उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून त्याने उर्दू स्वीकारली. पाठ्यपुस्तकांसाठी 'दारुल तर्जुमा' हे भाषांतराचे स्वतंत्र खाते त्याच्या आधीच उघडण्यात आले होते, आणि गणित, रसायन, कायदा अशा विषयांचे ग्रंथ त्या खात्याने उर्दूत आणले. आधुनिक शास्त्रे भारतीय भाषेतून पदवीपर्यंत शिकविता येतात हे त्या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले, हे त्याचे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे. पण परभणी, नांदेड, बीडच्या मराठी घरातल्या मुलाला ती भाषाही परकीच होती, आणि त्याच्या मातृभाषेसाठी तसे खाते संस्थानाने काढले नाही. हैदराबाद मुक्त झाले त्याला आता सात दशकांहून अधिक काळ लोटला, आणि नांदेडला १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन परभणीची महाविद्यालये त्याच्या कक्षेत आली. तर्जुम्याचे ते खाते सरकारी हुकुमावाचून चालू शकत नव्हते. आज मात्र मूळ धड्याचा परवानाच भाषांतराची मुभा देतो. कोणाच्या दफ्तरी अर्ज करावयाचा नाही, मंजुरीची वाट पाहावयाची नाही.

साधनांचीही अडचण आता उरलेली नाही. पडदा टिपण्यासाठी ओबीएस स्टुडिओ, आवाज स्वच्छ करण्यासाठी ऑडॅसिटी, चित्र आणि आवाज जुळविण्यासाठी केडेनलाइव्ह ही तिन्ही साधने स्वतः मुक्त सॉफ्टवेअरच आहेत. थोडक्या किमतीचा मायक्रोफोन, शांत खोली आणि ध्वनिमुद्रणापुरता बंद ठेवलेला पंखा एवढ्यावर भागते. परभणीच्या मे महिन्यात ही शेवटची अट मात्र तपश्चर्येसारखी आहे. आवाजाच्या बाबतीत तडजोड करू नये. अंधुक चित्र माणूस सहन करतो, घरघरणारा आवाज दोन मिनिटांपलीकडे सहन होत नाही. पडद्यावरचे बरेचसे चित्र स्थिर असल्याने अशा धड्याची फाइल लहान राहते आणि मंद जोडणीवरही उतरवून घेता येते. प्रकल्पाने तर इंटरनेट नसलेल्या महाविद्यालयांसाठी धडे सीडीवरूनही वाटले.

खरी अडचण वेगळीच आहे. धडे जुने होतात. 'पायथन'ची दुसरी आवृत्ती १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे निवृत्त झाली, आणि तिच्यावर बेतलेल्या असंख्य धड्यांतील अगदी पहिलीच आज्ञा, पडद्यावर एक ओळ उमटविण्याची, तिसऱ्या आवृत्तीत कंसावाचून चालेनाशी झाली. त्रिमितीय चित्रांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'ब्लेंडर'ची २.८० ही आवृत्ती २०१९ साली आली, तेव्हा वस्तू निवडण्यासाठी पूर्वी उजवी कळ दाबावी लागे ती डावी झाली आणि जुने धडे पाहून शिकणारे नवशिके गोंधळून गेले. ज्याने संहिता जपून ठेवलेली असते त्याला बदललेली तेवढी दोन मिनिटे नव्याने टिपून जोडता येतात. ज्याने कॅमेऱ्यासमोर बसून सुचेल तसे बोलून टाकले त्याला सारा धडा पुन्हा करावा लागतो, आणि बहुधा तो करीत नाही.

ब्लेंडरचा उल्लेख आला म्हणून त्याची एक हकिकत सांगून टाकतो. २००२ साली त्याची मूळ कंपनी बुडाली, तेव्हा टॉन रोसेंडाल या त्याच्या कर्त्याने लोकांकडून एक लाख युरो गोळा करून ते सॉफ्टवेअर सोडविले आणि मुक्त केले. पुढे ब्लेंडर चालविणाऱ्या संस्थेने स्वतःचे लघुपट तयार केले आणि त्यांच्या मूळ फाइली व शिकवणीचे धडे असलेल्या डीव्हीडी विकून त्या पैशातून सॉफ्टवेअरचा विकास चालविला. ज्या धड्याला दुय्यम समजले जाते, त्याने येथे आज्ञावली लिहिणाऱ्यांचे पोट भरले आहे.

परभणी जिल्ह्यात कामे पुष्कळ पडलेली आहेत. कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्याला सांख्यिकीचे धडे हवेत; ग्रामपंचायतीच्या सेवकाला जमाखर्चाचे पत्रक कॅल्कमध्ये मांडावयाचे आहे; शाळेतील गुरुजींना, जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेली आणि दुसऱ्या संगणकावर उघडताच निरर्थक अक्षरांचा ढीग होणारी प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणावयाची आहे; गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठच्या गावांचे नकाशे क्यूजीआयएसमध्ये काढू इच्छिणारे तरुणही आहेत. या प्रत्येकासाठी धडा पवईहून येईल अशी वाट पाहण्याचे कारण नाही. माझी येथील महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना विनंती आहे की, गेल्या वर्षी आपण स्वतः ज्या गोष्टीवर अडलो होतो ती एकच गोष्ट घ्यावी, दोन रकान्यांची संहिता लिहावी, ती वसतिगृहातील विषयाचा गंधही नसलेल्या मित्राच्या हाती द्यावी, तो जेथे जेथे थांबेल तेथे तेथे ती दुरुस्त करावी, आणि मगच आपल्या आवाजात मुद्रित करून, संहितेसह, मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करावी. संहिता सोबत देण्यास विसरू नये. पुढे सॉफ्टवेअर बदलेल तेव्हा तो धडा दुरुस्त करणाऱ्या अनोळखी माणसाला तिचीच गरज पडणार आहे.